गाळ कोण काढतं?

भाची राहायला आली की तिच्यामागोमाग तिची पुस्तकं घरभर पसरतात. त्या दुपारी खुर्चीत बसायला गेलो, तर तिथे एक जाडजूड पुस्तक पालथं पडलेलं. मुखपृष्ठावर धुरकट आभाळ, खाली भेगाळलेलं नदीचं पात्र, त्यात पाठमोरी उभी एक मुलगी आणि तिच्याशेजारी एका कानाचा लांडगा. पाच भागांच्या मालिकेतला चौथा भाग. आधीचे तीन मी वाचलेले नव्हते, पण दुपार मोकळी होती. पुस्तक उचललं आणि सवयीप्रमाणे आधी नकाशा काढला.

असल्या मालिकांना नकाशा हवाच. एक बोट नकाशाच्या पानात अडकवून ठेवायचं, दुसऱ्या हाताने वाचत जायचं आणि मंडळींनी खिंड ओलांडली की मागे येऊन बघायचं, कुठवर पोचली. पुस्तकाचा कणा तिथेच आधी मोडतो. ग्रंथालयातल्या प्रतीत तर नकाशाचं पान हमखास सुटं झालेलं असतं किंवा कुणीतरी ते लांबवलेलं असतं.

माझी खोड जरा वेगळी आहे. मी नद्या तपासतो. या नकाशातली मोठी नदी उत्तरेच्या डोंगरातून निघून ऐटीत खाली आली होती आणि मध्येच दुभंगून एक फाटा पूर्वेच्या समुद्राला आणि एक पश्चिमेच्या समुद्राला गेला होता. माझ्या कपाळावर आठी पडली. नद्या एकमेकींना मिळतात, अशा सहसा फुटत नाहीत. पाणी सगळ्यात सखल वाट धरतं आणि तीच वाट कोरत राहतं. मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात, ते निराळं. जगात एक कासिकियारे आहे, व्हेनेझुएलातली. ती ओरिनोकोचं पाणी घेऊन थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरते. अशी नदी असू शकते यावर युरोपातल्या नकाशेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून हुम्बोल्ट हा जर्मन शोधप्रवासी १८०० साली स्वतः होडीतून तिथे जाऊन आला. म्हणजे अपवादाला एवढी यातायात करावी लागली होती. इथे लेखकाने एका रेघेत काम उरकलं होतं.

‘‘मामा, तू अजून नकाशावरच आहेस?’’

मी तिला नदी दाखवली. डोंगराच्या कोरड्या बाजूला घनदाट जंगल दाखवलं होतं, तेही दाखवलं. ढग सगळा पाऊस अलीकडच्या उतारावर पाडून मोकळे होतात, पलीकडे काय उगवणार?

‘‘त्यात ड्रॅगन आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ड्रॅगन चालतो आणि नदी चालत नाही?’’

ड्रॅगन चालतो. ड्रॅगन येणार हे पुस्तक हातात घेतानाच लेखकाशी ठरलेलं असतं. पाणी चढावर जाईल असं काही ठरलेलं नसतं. शिवाय ही नदीचीच गोष्ट होती. धुराड्यांचा राजा, त्याने अडवलेली नदी, मरत चाललेलं रान आणि त्या रानाचं बोलणं ऐकू येणारी एकटी मुलगी. नदीवर पाच भाग उभे करणाऱ्याने नदीकडे नीट बघितलेलं असावं, एवढी अपेक्षा फार नाही. भाचीने यावर मान डोलावली नाही. ती दुसरं पुस्तक घेऊन जमिनीवर पालथी पडली.

मी तिच्या वयाचा असताना अशीच एक मालिका वाचली होती. शाळेच्या ग्रंथालयात तिचा पहिला भाग होता, तिसरा होता, दुसरा नव्हता. काचेच्या कपाटात पहिल्या आणि तिसऱ्या भागांच्या मधे बरोबर एका पुस्तकाची फट होती आणि तिसरा भाग तिच्यात कलंडलेला असायचा. कुणीतरी नेला होता, आणला नव्हता. मी रोज काचेला नाक लावून बघायचो. शेवटी तिसरा घेतला. पहिल्या भागाच्या शेवटी विहिरीत पडलेला मुलगा तिसऱ्याच्या सुरुवातीला घोड्यावर बसून येतो आणि त्याचा डावा हात नसतो. हात कुठे गेला, घोडा कुठून आला, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. साहजिक आहे, सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. मग तो भाग मी मनातल्या मनात रचला. त्यात हात झाडाच्या ढोलीत अडकतो आणि झाड म्हणतं, एवढा ठेवून जा. पुढे कॉलेजात असताना खरा दुसरा भाग मिळाला. हात एका साध्या लढाईत गेला होता. लेखकाबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं उतरलं.

त्या मालिकेचा माझ्यावर परिणाम झाला तो मात्र विचित्र होता. चालता चालता कुंपणाची पानं ओरबाडायची, देठापासून टोकापर्यंत बोटं ओढून मूठभर गोळा करायची आणि पुढे गेल्यावर उधळून द्यायची, ही सवय कुणाला नसते? मला जबरदस्त होती. पहिल्या भागात एक म्हातारं झाड आहे, त्याला प्रत्येक तुटलेल्या पानाचं नाव आठवतं. ते पान वाचल्यानंतर माझा हात कुंपणाकडे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. कधी सवयीने ओरबाडलंच, तर मी थांबून हळूच ‘सॉरी’ म्हणायचो. फांदीला नव्हे, हातातल्या पानांना. एकेकाला वेगळं. एकदा थोरल्या भावाने ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस घरातल्या केरसुणीलाही तो माझ्यादेखत आदराने ‘माफ करा’ म्हणायचा.

पर्यावरणाचा संस्कार वगैरे म्हणतात तो हाच असेल तर असेल. मला त्या संस्काराविषयी जरा शंकाच आहे. भाचीला विचारलं, या मालिकेत तुला काय आवडतं? मला वाटलं होतं, नदी म्हणेल, निदान रान तरी. ती म्हणाली, लांडगा. आणि राज्यभरातले झरे का आटले, यावर शहाण्या आजोबांचं जे लांबलचक भाषण आहे ते? ते तिने गाळलं होतं. ‘‘तिथे लेखक बोलतोय,’’ ती म्हणाली. तिला ते लगेच कळतं. वाक्यं लांब होतात, सगळी पात्रं गप्प उभी राहून ऐकायला लागतात आणि लांडगा बराच वेळ काहीच करत नाही.

या मालिकांचा साचा आपल्याला पाठ असतो आणि म्हणूनच त्या आवडतात. जमीन आजारी पडते, पाखरं निघून जातात, मोठ्या माणसांना काही ऐकू येत नाही आणि एका पोराला येतं. दुष्ट कुठेतरी उंच मनोऱ्यात बसलेला असतो. मला हेवा वाटतो तो या मनोऱ्याचा. पत्ता ठरलेला असतो, जाऊन ढकलून दिलं की झालं. खऱ्या जगात मनोरा सापडत नाही. थॉमस मिजली हा अमेरिकन संशोधक घ्या. त्या काळातल्या फ्रिजमध्ये विषारी वायू असत, गळती झाली तर माणसं दगावत. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. बघा, मी जिवंत आहे आणि ज्योतही भडकली नाही. टाळ्या पडल्या असणार. त्याच जातीच्या वायूंनी पुढे ओझोनचा थर कुरतडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड जाहीर झालं, तोवर मिजलीला जाऊन चार दशकं झाली होती. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही त्याचीच आणि त्या बाबतीत त्याला इतकं भोळं म्हणता येत नाही. शिशाची बाधा त्याला स्वतःला झाली होती. पण मेणबत्तीवाल्या मिजलीला कुठल्या मनोऱ्यात बसवायचं? त्याच्यावर पाच भाग कोण लिहील? आणि ओझोनची गोष्ट सावरायला लागली ती असले वायू टप्प्याटप्प्याने बंद करायच्या १९८७ च्या माँट्रियल करारापासून. म्हणजे टेबलं, कागद, दुभाषे, दुरुस्त्या. भाचीने सगळं गाळलं असतं.

माझं खरं दुखणं मात्र शेवटच्या प्रकरणाचं आहे. हा भाग चौथा असल्यामुळे तिथवर जायचं नव्हतं, पण ते कसं असणार हे आत्ताच सांगून ठेवतो. बांध फुटेल. पाणी गर्जत येईल. पुढच्या परिच्छेदात हिरवळ, त्यापुढच्यात फुलं, मग राज्याभिषेक. मी लहान असताना या जागी रडायचो. आता मला प्रश्न पडतो, गाळ कोण काढतं? इतकी वर्षं पाणी तुंबवलं, म्हणजे भिंतीमागे डोंगराएवढा गाळ साचलेला असणार. तो एका रात्रीत खाली आला तर राज्याभिषेकाला आलेले लोक, त्यांची शेतं आणि नुकतीच परतलेली मासळी, सगळं त्याखाली जाईल.

दुरुस्तीचं प्रकरण लिहिणारे कमी. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या फँटसीचा शेवटचा खंड १९५५ सालचा. त्यात दुष्टाची ताकद असलेली अंगठी नष्ट झाल्यावरही गोष्ट संपत नाही. मंडळी घरी येतात, तर घरचीच झाडं तोडलेली. मग त्यांच्यातला माळी सॅम गावोगाव हिंडून रोपं लावत सुटतो आणि भेट मिळालेल्या मातीचा एकेक कण प्रत्येक रोपाच्या मुळाशी ठेवतो. माती जादूची आहे आणि रोपं भराभर वाढतात, हे मान्य. पण खड्डे सॅमलाच खणावे लागतात. २००३ च्या चित्रपटात घरच्या नासाडीचा हा सगळा भाग गाळला. लांबी वाढत होती, हेही खरं असेल. तीन खंड लढल्यावर थेटरात खड्डे खणणारा नायक कुणाला हवा?

बांध फोडायचं प्रकरण खऱ्या जगात एकदा झालंय, म्हणजे बऱ्याचदा झालंय, पण मला एल्व्हाचं माहीत आहे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातली छोटीशी नदी. तिच्यावर दोन धरणं होती. पहिलं १९१३ मध्ये पुरं झालं आणि त्याला मासे वर चढायला वाटच ठेवली नव्हती. समुद्रातून परतणारे सॅमन भिंतीपाशी येऊन थांबायचे. तिथल्या क्लॅलम या मूळनिवासी लोकांचं सगळं जगणं त्या माशांवर होतं. पुढे नदी मोकळी करायचा कायदा झाला तो १९९२ साली आणि भिंतीवर पहिला घाव पडला तो २०११ मध्ये. मधली एकोणीस वर्षं कशात गेली? पैसे, अहवाल, खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याची सोय. मग धरणं एका दणक्यात उडवून दिली का? नाही. थोडी थोडी कापली. कापायचं, थांबायचं, गाळ वाहू द्यायचा, मासे वर चढायचे दिवस आले की हात आवरता घ्यायचा, पुन्हा कापायचं. असं २०१४ पर्यंत चाललं. गाळ कोट्यवधी घनमीटर होता. त्यातला काही नदीने समुद्रापर्यंत नेला आणि मुखाशी नवी किनारपट्टी तयार केली. उघड्या पडलेल्या जलाशयाच्या तळावर माणसांनी काही लाख रोपं हाताने लावली.

आणि आता हे ऐका, कारण हे मी कुठल्या फँटसीत वाचलं असतं तर लेखक फार ताणतोय म्हटलं असतं. आपल्या लोकांची उत्पत्ती नदीकाठच्या एका विशिष्ट जागी झाली असं क्लॅलम मानतात. धरण झालं आणि ती जागा पाण्याखाली गेली. पाणी उतरलं तेव्हा ती पुन्हा वर आली. मधली जवळजवळ शंभर वर्षं ती कुणी पाहिलेली नव्हती. आजीने नातीला सांगितलं, नातीने तिच्या नातवाला, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती जागा न बघताच डोळे मिटले. त्यांच्या वाट्याला मधलेच भाग आले. बांध फुटताना बघायला मिळेल अशी काही त्यांच्याकडे हमी नव्हती, तरी ते गोष्ट सांगत राहिले. मी त्या आजीचा विचार करतो. तिच्यावर एक भाग हवा. लढाई नाही, ड्रॅगन नाही. एका बाईला एक जागा माहीत आहे, ती पाण्याखाली आहे, आणि रोज रात्री ती पोराला सांगते की ती आहे.

एवढं सगळं मी भाचीला सांगितलं, जरा रंगात येऊनच. ती उठून बसली, पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, पोचलं.

‘‘लांडगा आहे का यात?’’

‘‘नाही. मासे आहेत. परत आलेले.’’

तिने थोडा विचार केला.

‘‘मासे चांगले आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘पण मामा, आजीच्या इथे लेखक बोलतोय.’’