चपट्या डब्यात ग्राफिक्स कार्ड

आमच्या वाड्यावरच्या जत्रेचं नाटक यंदा मी शूट केलं. तीन अंक, दोन कॅमेरे, आणि पडदा पडला तेव्हा पोदेर पाव घेऊन फिरायला लागला होता. एडिटिंगला माझ्याकडे काय, तर पणजीतल्या एका ऑफिसाने काढून टाकलेला चपटा डेस्कटॉप. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कॅमेरे एकाखाली एक लावले की शिवाजी महाराज जागच्या जागी गोठायचे आणि आवाज पुढे निघून जायचा.

चित्र हाकायला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं, पण चपट्या डब्यात मोठं कार्ड मावत नाही. मोठं कॅबिनेट घ्यावं, तर माझ्या या डब्याचा मदरबोर्ड नि पॉवर सप्लाय दोन्ही कंपनीच्या स्वतःच्या मापाचे, दुसरीकडे बसत नाहीत. पॉवर सप्लाय १८० वॅटचा, आणि ग्राफिक्स कार्डाला लागते ती वेगळी वायर त्यातून निघतच नाही. म्हणजे मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं त्या स्लॉटमधून मिळते तेवढ्याच विजेवर, फार तर ७५ वॅटवर भागवणारं कार्ड हवं. शिवाय अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल.

मित्राकडे जीटीएक्स १६५० कार्ड होतं, लो प्रोफाइलच. लांबी मोजली, उंची मोजली, खुशीत घेऊन आलो. जाडी मोजायचं डोक्यातच आलं नाही. त्याचा पंखा दोन स्लॉटांची जागा खातो, आणि माझा लांब स्लॉट नेमका पॉवर सप्लायच्या भिंतीला चिकटलेला. झाकण उघडं टाकून अर्धा तास खटपट केली. आत डिचोलीची तांबडी धूळ बोटभर. आई चहा घेऊन आली, बघितलं आणि "कितें रे हें, भात पेरतलो?" एवढंच म्हणून गेली.

मग जुन्यात एनव्हिडियाचं टी१००० मिळालं. ४ जीबी, ५० वॅट, एकाच स्लॉटची जाडी, लांबी १५६ मिलिमीटर. गेमिंगवाले याला नाक मुरडतात, मुरडू देत. फक्त विकणाऱ्याने छोटी पट्टी हरवलेली. कार्डाच्या शेपटाला जी पत्र्याची पट्टी असते ना, ती पूर्ण उंचीची होती, १२ सेंटीमीटर. मला ८ लागत होती.

पट्टीशिवायही कार्ड चालतं, पण केबल ओढली गेली की स्लॉटमध्ये डुगडुगतं. म्हणून पट्टी सोडवली आणि खिडक्यांच्या ग्रील करणाऱ्याकडे गेलो. (कार्ड घरीच ठेवलं. ग्राइंडरचा लोखंडी कीस सर्किटवर पडला तर संपलंच.) पट्टी बघून तो हसला. एवढा पातळ पत्रा ग्राइंडरखाली थरथरतो म्हणून त्याने ती दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट आवळली, मार्करच्या रेघेच्या बोटभर वर कापली, रेघेवर काटकोनात वाकवली आणि वाकवलेल्या कानाला स्क्रूपुरती खाच मारली. कानशीने कडा घासल्या, अंगठा फिरवून बघितला.

घरी येऊन बसवलं. क्लिक! झाकणही लागलं. मागे बघतो तर चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट, माझा मॉनिटर एचडीएमआयवाला. कन्व्हर्टर आणायला म्हापशाची एक फेरी वाढली, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता दोन्ही कॅमेरे सरळ चालतात. कलर करताना अजून जरा अडखळतं, पण महाराज गोठत नाहीत.

ग्रीलवाल्याने पैसे घेतले नाहीत. नाटकात तो सरदार होता, दुसऱ्या अंकात वाक्य विसरून चांगला अर्धा मिनिट मशालीकडे बघत उभा राहिलेला. मी पुढे केलेली शंभराची नोट परत माझ्या खिशात कोंबत म्हणाला, "तितलें काडून उडय."