आईची बाज अन् तीन चोर

रविवार, रात्रीचे साडेदहा

आत्ताच घरी पोचलो. गाडी आतून-बाहेरून धुळीने लाल, माझा पोट्टा आल्या आल्या चार्जर शोधत सुटला, आई ओट्यापाशी पाण्याचा गुंड भरून राहिली. मी अंघोळ टाळून लिहायला बसले, कारण उद्या एकदा ऑफिस लागलं की दोन दिवस पुसून जातील, मला माझं माहीत आहे.

पेंचच्या जंगलात गेलो होतो, सिल्लारीला. खालच्या काकू लिफ्टपाशीच भेटल्या, "दिसला का?" नाही, वाघ नाही दिसला. नागपुरात पेंच म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि उत्तर नाही असलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो जसं आपण लग्नाला जाऊन न जेवता आलो. वाघाचं मलाही आहे बरं, नाही असं नाही. पण ३१ डिसेंबर २०२४ ला तिकडे उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या जिप्सींची रांग, तो व्हिडिओ पाहिल्यापासून (हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती त्याची) माझ्या त्या हौसेवर पाणी पडलंय थोडं. पोट्ट्याच्या नाही पडलं. तो सफारीभर मान वेळावून वेळावून बसला होता, आणि चितळ दिसलं की "अरे यार, चितळ" असं म्हणायचा, जसं काही चितळानेच वाघाची जागा अडवली.

मनसरच्या पुढे हायवे उंच होतो आणि खालून जंगल जातं तिथे आईला दाखवलं, की हे खालचे रस्ते जनावरांसाठी सोडलेत, मनसर ते खवासा असे नऊ आहेत, वाघसुद्धा जातात त्यातून. आई म्हणे, "मंग टोल त्याईले नाही लागत वाट्टे." पवनीच्या फाट्यावर (भंडाऱ्याची पवनी नव्हे, दरवेळी कोणीतरी गोंधळतं) चहा घेतला आणि आत वळलो.

मार्चचं जंगल लोकांना आवडत नाही. पानं झडलेली, सगळं पिवळं-तपकिरी, वर ऊन. मला मात्र हेच आवडतं, कारण पानांआड काही लपत नाही, एकेक झाड आपापल्या हाडांवर उभं असतं. पळस आता संपत आलाय, फांदीवर कमी आणि खाली जास्त. आणि मध्येच ते कुल्लूचं झाड, पांढरंफट, गुळगुळीत, अंगाला राख फासून उभं असल्यासारखं, संध्याकाळी एकदम समोर आलं की बाप्पा! मोहाची फुलं नुकती सुरू झालीत. आईने जिप्सीतूनच वास ओळखला, गाइडच्या आधी, आणि गप्प झाली. तिच्या माहेरी पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जायचे, ते तिच्या चेहऱ्यावर दिसून राहिलं होतं.

गाइड तिथल्याच गावातली, तिशीतली बाई. सफारी तोतलाडोह धरणाच्या पाण्याकाठी थांबली. एवढं पाणी समोर असेल असं दरवेळी वाटत नाही. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे खुंट वर आलेले, प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. उन्हाळ्याकडे पाणी जसं मागे सरकतं तसं काठाला हिरवं गवत उघडं पडतं, बाकी सगळं जंगल वाळतं तेव्हा इथे कुरण तयार होतं, म्हणून चितळांचे मोठमोठे कळप खाली उतरतात. म्हणजे माणसाने बांधलेलं धरण आणि त्याच्या ओसरत्या पाण्यावर जनावरांचा उन्हाळा. गाइड म्हणाली, पूर्वी इथे जाळी टाकायचे, तिच्या आजोबांनीही टाकली होती, आता राखीव जंगल म्हणून बंद. तिच्या आवाजात तक्रार होती की नव्हती मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. आपण दोन दिवस फिरायला येणाऱ्यांनी "जंगल वाचलं पाहिजे" म्हणायला काय जातं, ज्याचं ताटातलं गेलं त्याला विचारावं.

मग आईने विचारलं, "हे पानी कुठी जाते वं बाई?"

"तुमच्याच घरी, आजी."

आई हसली, तिला वाटलं गंमत करून राहिली. पण खरंच की. पेंच नदी वर छिंदवाड्याकडून सातपुड्यातून उतरते, जंगलातून इथे येते, तोतलाडोहला अडते, मग खाली नवेगाव खैरीच्या धरणात, आणि तिथून पंपाने गोरेवाड्याला, तिथे शुद्ध होऊन अर्ध्याअधिक नागपूरच्या नळाला. मी ही सगळी नावं आयुष्यभर पेपरात वाचत आले, "तोतलाडोहमध्ये इतका साठा", मे महिन्यात तर रोज. पण ती नावं माझ्या डोक्यात पाणीकपातीच्या खात्यात होती आणि वाघ पर्यटनाच्या खात्यात. १९७५ ला हे राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्राच्या बाजूचं, सुमारे २५७ चौरस किलोमीटर. त्याच जंगलाची मुळं धरणाच्या काठची माती धरून बसलीत म्हणून धरण गाळाने भरत नाही भराभर, ही दोन्ही खाती एकच आहेत हे पंचेचाळिसाव्या वर्षी आईच्या एका प्रश्नाने कळावं म्हणजे काय बोलायचं.

पण लिहायचं होतं ते रात्रीचं.

पेंच आता डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा काळोख मुद्दाम जपलेली जागा, देशातलं पहिलं, जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. आजूबाजूच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, आता उजेड फक्त खाली जमिनीवर पडतो, वर नाही. मला वाटलं होतं काळोख पाहायला काय जायचं, तो तर लोडशेडिंगमध्ये फुकट मिळायचा. मुद्दाम अमावस्येच्या जवळचा शनिवार धरून गेलो खरं, ते पोट्ट्याचं डोकं. साडेसातला खोलीबाहेर दिवे बंद करून खुर्च्या टाकल्या. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. डोळ्यांना वेळ लागतो, आणि मध्ये कोणी मोबाइल उघडला की पुन्हा शून्यापासून सुरू, त्यावरून भांडणही झालं आमचं. मग हळूहळू आभाळ भरायला लागलं. चांदण्या दिसल्या म्हणणं कमी पडेल, चांदण्यांच्या मधली जागाच राहिली नाही. पश्चिमेकडे आकाशगंगेचा फिकट पट्टा, दुधात पाणी जास्त झाल्यासारखा. दाट भाग पहाटे उगवतो म्हणाले, आम्ही पहाटे झोपलो होतो.

पोट्ट्याने मृग दाखवला, आईला समजावून सांगायला लागला की आजी, ते तीन तारे...

"तिकांडं हाय थे," आई म्हणाली. "बाण लागला हरणाले. अन् मांगं थो व्याध. मले काय सांगतं."

मग तिनेच सुरू केलं. खुर्ची वळवून उत्तरेकडे केली आणि झाडांच्या वर बोट, "थे पाय, म्हातारीची बाज. चार खूर दिसले का? आता दम धर, चोर येतात मांगून." सप्तर्षी. मी शाळेत पतंगासारखे शिकले होते, तिच्याकडे ते म्हातारीची बाज, म्हणजे खाट, आणि ती चोरायला आलेले तीन चोर. आणि खरंच, बाज आधी वर आलेली आणि चोर मागे सागाच्या फांद्यांत लपलेले, तासाभरात एकामागे एक सरळ बाहेर पडले. तिने सांगितलं, उन्हाळ्यात अंगणात झोपायचे तेव्हा बाज कुठवर आली पाहून तिची आजी उठायची, घड्याळ नव्हतंच घरात. आई नागपुरात लग्न होऊन आली त्याला पन्नास वर्षं झाली. माझ्या उभ्या आयुष्यात हे मी एकदाही ऐकलं नाही. तिने लपवलं नव्हतं काही, बोट दाखवायला वर काही दिसतच नव्हतं.

पोट्टा वाघाचं विसरला होता. किंवा निदान दोन तास बोलला नाही त्याबद्दल, आमच्याकडे तेवढं पुष्कळ.

आता इथे बाल्कनीत उभी राहून पाहिलं. आमच्या गेटवर मागच्या दिवाळीत तो मोठा फ्लडलाइट लावलाय, तो थेट तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या बेडरूममध्ये. वर फक्त एक चांदणी, तीही विमान निघाली. मग मी सेक्रेटरींना मेसेज केला, की भाऊ, तो लाइट जरा खाली वळवता येईल का, उजेड गेटवर पडू द्या, आभाळात कशाला. लगेच उत्तर आलं, इतक्या रात्री जागेच होते. "मॅडम, लाइट खाली केला तर चोर येतील."

आईला वाचून दाखवलं. ती गुंडावर झाकण ठेवत म्हणाली, "येऊ दे ना. तीनच तं हायेत."