आमची वाटचाल : ‘छान आहे, पण मशीन वाजतंय’

शीर्षकातलं वाक्य आमच्या पहिल्या ग्राहकाचं. बारा स्टाइलचा, म्हणजे कीबोर्डवर मागे आपोआप वाजणाऱ्या साथीच्या नमुन्यांचा, संच आम्ही मोठ्या हौसेने त्याला दिला होता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आधी कौतुक केलं, मग थोडा घुटमळला आणि हे बोलला. मला राग आला. मावसभावाला नाही आला, कारण तो ड्रमर. तो म्हणाला, “मी तुला हेच सांगत होतो, पण तू हेडफोन घालून बसला होतास.”

आमचा धंदा म्हणजे अरेंजर कीबोर्डसाठी स्टाइल तयार करणं आणि वादकाला त्याचा कीबोर्ड नीट बसवून देणं. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरली की मागे ड्रम, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज आपोआप वाजतात, ते हे वाद्य. आमचे बहुतेक ग्राहक एकट्याने किंवा एखाद्या गायकाबरोबर कार्यक्रम करणारे. मागे अख्खा वाद्यवृंद बसला आहे असं श्रोत्याला वाटलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी असते. ‘एवढीच’ म्हणायला सोपं.

पहिल्या संचात काय चुकलं होतं? सगळं अचूक होतं, हीच चूक. मी एकेक नोट माउसने मांडली होती आणि क्वान्टाइझ करून चौकटीत चोख बसवली होती. हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीच्या, आठही ठोक्यांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) शंभर. मिडीत, म्हणजे वाद्यं आणि संगणक ज्या भाषेत नोटा लिहितात तिच्यात, व्हेलॉसिटी १ ते १२७ पर्यंत जाते, आणि मी त्यातला एकच आकडा वापरला होता. एकाच व्हेलॉसिटीला बहुतेक वेळा तेच सॅम्पल, म्हणजे वाद्याचा रेकॉर्ड केलेला तोच आवाज, पुन्हा पुन्हा वाजतं, म्हणून हॅट शिवणयंत्रासारखी ऐकू येत होती.

मग मी शहाणपणा केला. सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटण असतं. ते नोटा मनाला येईल तशा थोड्या पुढेमागे सरकवतं. सगळ्या स्टाइल त्यातून काढल्या आणि भावाला ऐकवल्या. त्याने अर्धं मिनिट ऐकून विचारलं, “हा प्यायलाय का?”

त्या संध्याकाळी आम्ही त्याला पॅडच्या ड्रमसेटवर बसवलं, तासभर वाजवून घेतलं आणि क्वान्टाइझला हात न लावता आकडे वाचले. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरतो. त्याच्या चुका वाटेल तशा नव्हत्या. संथ गाण्यात त्याचा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) जवळजवळ प्रत्येक वेळी उशिरा पडत होता, हॅट मात्र जागच्या जागी. १०० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला शंभर मात्रा, एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. आमच्या सीक्वेन्सरमध्ये (नोटा मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्रेचे ४८० टिक, म्हणजे एक टिक सव्वा मिलिसेकंदाचा. त्याचा स्नेअर साधारण बारा टिक मागे, म्हणजे पंधरा मिलिसेकंद. कानाला हा उशीर म्हणून कळत नाही, पण गाणं आरामात टेकून बसल्यासारखं वाटतं. गाणं तापलं की तोच स्नेअर चौकटीच्या जवळ यायचा. हॅटमध्ये मात्रेवरचा ठोका जोरात, मधला हलका. आणि स्नेअरच्या मधे मधे पंचवीस-तीस व्हेलॉसिटीच्या घोस्ट नोटा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे ठोके, ज्या मी आयुष्यात कधी मांडल्या नव्हत्या, कारण त्या मला कधी ऐकूच आल्या नव्हत्या. त्या काढून टाकल्यावर कळलं की ठेका त्यांच्यावरच चालत होता.

दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती हातांची. माझ्या एका फिल-इनमध्ये, म्हणजे दोन भागांना जोडणाऱ्या ड्रमच्या छोट्या तुकड्यात, राइड झांज, हॅट, स्नेअर आणि टॉम ड्रम एकाच क्षणी वाजत होते. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, “याला चार हात लागतील.” खरा ड्रमर टॉमकडे वळला की हॅट आपोआप थांबते, कारण हातच उरत नाही. फिलनंतर क्रॅश झांज पडली की तिच्यासोबत बहुतेकदा किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रमही पडतो. श्रोत्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण खोट कानाला कळते. तेव्हापासून प्रत्येक स्टाइल बाहेर जाण्याआधी आम्ही हात मोजतो. त्याला आमच्याकडे ‘हात मोजणी’ हेच नाव आहे.

लांबीचंही तसंच. दोन मापांचं (माप म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) आवर्तन तिसऱ्या फेरीला उघडं पडतं. आम्ही मुख्य व्हेरिएशन, म्हणजे स्टाइलचे सतत फिरणारे भाग, आठ मापांची करायला लागलो, चौथ्या मापाला एखादी छोटी कुरापत, आठव्याला दुसरी. काम चौपट झालं. पहिल्या वर्षी स्टाइलची संख्या हीच आमची जाहिरात होती. ती आम्ही बंद केली, आणि काही ग्राहक गेलेही.

बेस आणि गिटारकडे आम्ही उशिरा वळलो, आणि सर्वांत मोठी फजिती तिथेच झाली. स्टाइलचा बेस किंवा गिटार एका मूळ कॉर्डवर रेकॉर्ड केलेला असतो, उदाहरणार्थ सी मेजर सेव्हन. तुम्ही दुसरी कॉर्ड धरली की कीबोर्ड ठरलेल्या नियमांनी नोटा सरकवतो. बेस कुठल्या सुरापर्यंत वर जाऊ द्यायचा आणि कुठून सप्तकभर खाली आणायचा, याची मर्यादा घालता येते. ती नीट घातली नाही तर सीवरून बीवर जाताना बेसवादक अचानक वर उडी मारतो. धरलेली नोट कॉर्ड बदलल्यावर नव्याने छेडायची की नुसता सूर बदलायचा, हेही ठरवावं लागतं. स्ट्रिंग्जना नव्याने छेडलं की प्रत्येक कॉर्डला धक्का बसतो. बेसला छेडलं नाही तर तो रबरासारखा ताणला जातो. हे तपशील कुणी विचारत नाही, पण आमचा अर्धा दिवस यातच जातो.

फजिती अशी झाली. यामाहाच्या वरच्या कीबोर्डांवर मेगाव्हॉइस नावाचे आवाज असतात. त्यांत व्हेलॉसिटी म्हणजे फक्त जोर नसतो. एका पट्ट्यात मोकळी तार, दुसऱ्यात दाबलेली, तिसऱ्यात स्लाइड, अशी वेगवेगळी आर्टिक्युलेशन, म्हणजे वाजवण्याच्या पद्धती, असतात, आणि अगदी वरच्या स्वरांवर बोटांची खरखरसुद्धा. त्या आवाजासाठी लिहिलेला गिटारचा भाग आम्ही दुसऱ्या बनावटीच्या कीबोर्डसाठी बदलून एका ग्राहकाला दिला, आणि घाईत साध्या गिटारवर लावला. जिथे स्लाइड हवी तिथे कानठळ्या बसवणारी एक नोट, जिथे खरखर हवी तिथे किणकिणणारा उंच सूर. ग्राहकाने ते थेट कार्यक्रमात लावलं होतं. दोष त्याच्या कीबोर्डचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून बनावट बदलली की गिटार आम्ही पुन्हा वाजवूनच घेतो. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ड्रमपुरतं, बाकी हाताने.

मधे एक आडवळणही घेतलं : ड्रमच्या ऑडिओ लूप, म्हणजे खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले, पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे. ऐकायला खऱ्याखुऱ्या, कारण खऱ्याच असतात. पण टेम्पो फार खाली नेला की ठोके फाटतात, आणि नुसत्या स्नेअरचा आवाज थोडा कमी करायचा म्हटलं तर सोय नाही. सहा महिन्यांनी परत मिडीकडे आलो. हल्ली आम्ही शेकरसारखं एखादं वाद्य तेवढं ऑडिओत ठेवतो.

धंदा वळला तो मात्र स्टाइलमुळे नव्हे. एक वादक चिडून म्हणाला, “तुमच्याकडे ऐकतो तेव्हा भारी, माझ्या स्पीकरवर चिखल.” आम्ही त्याच्या सरावाच्या खोलीत गेलो. कीबोर्ड स्टिरिओ, मिक्सर मोनो. दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर त्याचा रुंद, पसरट पियानो पोकळ वाजत होता, कारण डाव्या-उजव्या सॅम्पलचा काही भाग एकमेकांना कापत होता. त्यावर प्रत्येक आवाजाला कारखान्यातून आलेला भरपूर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा. दुकानात एकच आवाज ऐकवायचा तर तो रिव्हर्ब मोहक वाटतो, पण आठ भाग एकदम वाजले की सगळे एकाच विहिरीतून बोलतात. शिवाय सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच. आम्ही किक आणि बेसचा रिव्हर्ब शून्यावर आणला, बाकीच्यांचा निम्म्याहून कमी केला. पियानो मोनोत नीट टिकणारा निवडला. आणि मग स्टाइलमधले पॅड (मागे धरून ठेवलेले लांब सूर) आणि दोन्ही फ्रेझ (छोट्या सुरावटी) बंद केले. तो घाबरला, “सगळं रिकामं होईल.” झालं नाही. उजव्या हाताला पहिल्यांदा जागा मिळाली.

त्या दिवसापासून आम्ही फाइल विकण्यापेक्षा तासांचं काम जास्त करतो. वादकाच्या शेजारी बसायचं, त्याचीच गाणी, त्याचाच स्पीकर. ज्यांना बटणं हवी असतात त्यांना आम्ही थोडे निराश करतो, कारण आमच्या निम्म्या सूचना हातापायांबद्दल असतात. मुखड्याला ड्रम बंद ठेवून नुसता बेस आणि पियानो चालवून बघा. अंतऱ्याच्या शेवटी फिल दाबण्याऐवजी एक माप स्टाइल थांबवा. प्रत्येक चार मापांना फिल देणारा ड्रमर कुणाला आवडतो? कॉर्डचा खालचा सूर बेसने पाळावा असा मोड बहुतेक कीबोर्डांवर असतो, तो लावा म्हणजे बेस पायरी पायरीने उतरेल. ट्रम्पेटवर तिन्ही बोटांनी कॉर्ड ठोकू नका, ट्रम्पेटवाला एका वेळी एकच सूर काढतो आणि त्याला मधे श्वासही लागतो. आणि एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, विकत घ्या. स्ट्रिंग्जचा सूर धरून ठेवल्यावर पायाने हळूच फुगवला नाही तर कितीही महागडं सॅम्पल मेणाचं वाटतं. पेडल घेऊन ते कोपऱ्यात ठेवणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

तक्रार एक आहे, तीही सांगून टाकतो. आमचा दुसरा संच कुणीतरी नाव बदलून वाटला. आम्हाला कळलं ते एका घोस्ट नोटवरून. सातव्या मापात भावाची काठी निसटून रिमला लागली होती, आणि तो ठोका आम्ही मुद्दाम ठेवला होता. तोच ठोका त्याच जागी ऐकू आला. भांडायला वेळ नव्हता, ताकदही नव्हती. शेजारी बसून केलेलं काम कुणाला उचलून नेता येत नाही, हेही तासांच्या कामाकडे वळण्याचं एक कारण.

आता आम्ही चौघे आहोत. एक गिटारवाली आली आहे, ती माझ्या जुन्या गिटारच्या फाइल ऐकून हसते. चौथा फक्त फोन आणि हिशोब बघतो. त्याला संगीतातलं काही कळत नाही, त्यामुळे नवी स्टाइल आधी त्याला ऐकवतो. तो काम थांबवून पाय हलवायला लागला तर ठीक.

मागच्या महिन्यात तो पहिला ग्राहक आला होता. नवीन संथ गाण्याची स्टाइल त्याच्या कीबोर्डवर चढवली, त्याने पूर्ण आठ मापं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, “ड्रमर जरा जास्तच मागे राहतोय का?” भावाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. स्नेअर चार टिक पुढे घेतला आणि पुन्हा सुरू केलं.