मार्च वेस्ट 1874, भाग 3: धाव नसलेली चाके आणि सहा रंगांचे घोडे

मॉडेलचे प्रमाण 1:72. विषय तोच: नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस, म्हणजे आजच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसचे मूळ दल. प्रसंग 8 जुलै 1874, मॅनिटोबातल्या डफरिनहून पश्चिमेकडे निघालेला तांडा. दलाचा कायदा मे 1873 चा. पहिल्या तीन डिव्हिजन (ए, बी, सी) त्याच वर्षी लोअर फोर्ट गॅरीला उभ्या राहिल्या. डी, ई, एफ 1874 च्या वसंतात टोरांटोत तयार झाल्या आणि रेल्वेने फार्गोपर्यंत येऊन तिथून डफरिनला पोचल्या. आपल्याला हे सहाही गट एकत्र निघताना दाखवायचे आहेत.

मागच्या भागात ठरलेले गुणोत्तर एकास पाच. माणसे 275, म्हणून 55. घोडे 310, म्हणून 62. रेड रिव्हर गाड्या (दोनचाकी बैलगाड्या) 114 च्या 23 आणि चारचाकी वॅगन 73 च्या 15. ओढीचे बैल 142 होते, त्यांचे 28. सोबतची खाण्याची गुरे 93, ती 19. आकडे कागदावर मांडले की एक गोष्ट लख्ख दिसते: सगळे पोलिस घोड्यावर नव्हतेच. प्रत्येक वॅगनला दोन घोडे धरले तर 62 पैकी 30 तिथेच संपतात. तोफेला चार दिले की स्वारीसाठी उरतात 28. म्हणजे आपल्या 55 पैकी जेमतेम निम्मे खोगिरावर, बाकीचे वॅगनच्या बाकावर लगाम धरून किंवा गाड्यांशेजारी चालत. 55 स्वारांची लाल रांग करायचा मोह होतो, पण ती चूक ठरेल. तोफा दोन होत्या, नऊ पौंडी, तोंडाने भरायच्या. एकास पाचने त्या अर्ध्याही होत नाहीत, तरी एक ठेवलीच. पितळी उखळी तोफाही दोन होत्या, त्यातली एक वॅगनमध्ये ताडपत्रीखाली अर्धी उघडी दिसेल. गवत कापायचे यंत्र एक, फिरती भट्टी एक.

आता गाड्या. या महिन्याचा बहुतेक वेळ इथेच गेला, आणि गाडीच या तांड्याचा खरा चेहरा आहे, म्हणून सविस्तर.

रेड रिव्हरची गाडी सगळी लाकडाची. खिळा नाही, पट्टी नाही, चाकाला लोखंडी धाव नाही. सांधे कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी बांधलेले. वादी ओली असताना आवळायची, वाळली की आकसून घट्ट बसते. कण्याला वंगण घालत नसत, कारण माळरानाची धूळ वंगणात अडकून कणा झिजवते. म्हणूनच या गाड्यांचा कर्कश आवाज मैलभर जायचा. मॉडेलमध्ये याचा अर्थ सरळ आहे: कण्याभोवती काळा तेलकट वॉश (पातळ रंगाचा हात) देऊ नका. बाकी सगळ्या गाड्यांना तो शोभतो, हिला नाही. इथे फिकट, घासल्यासारखे लाकूडच हवे.

चाकाचा व्यास सुमारे दीड मीटर, म्हणजे 21 मिमी. तुंबा (चाकाचा मधला गोल भाग) 3 मिमी, बांबूच्या कबाब काडीचा तुकडा. आरे बारा. पाटे (चाकाच्या कड्याचे तुकडे) सहा, प्रत्येक पाट्यात दोन आरे. गाड्या 23, चाके 46, आरे 552. तुटफूट धरून 600.

आऱ्याची जाडी 0.6 मिमी. टूथपिक यासाठी फार जाड. कबाब काडी उभी चिरून सोनाराच्या जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढायची: 1.2, 1.0, 0.8, 0.7, 0.6 अशी भोके एकेक करून. एकदम 1.2 वरून 0.8 वर गेलात तर बांबू सोलवटतो. पेर असलेला तुकडा आधीच बाजूला काढा, तो हमखास पेरावरच तुटतो. काडीचा सालीकडचा भाग चिवट असतो, आतला भुसभुशीत, म्हणून चिरताना सालीकडची बाजू राखायची. एका काडीचे सहा चिरे होतात, एका चिऱ्यातून 9 मिमीचे साधारण वीस आरे. हिशोबाने पाच काड्या पुरतात, प्रत्यक्षात दहा लागल्या.

फर्मा: 4 मिमी प्लायवर 21 मिमीचे वर्तुळ, 30 अंशांवर बारा रेषा, मध्यभागी खिळा. खिळ्यात 1.5 मिमी जाडीचा वॉशर घालून तुंबा त्यावर ठेवायचा. हा वॉशर विसरला की चाक सपाट होते, आणि खरे चाक बशीसारखे खोलगट असते. पाट्यांचे कडे 0.4 मिमी कार्डाचे तीन थर फेविकॉलने चिकटवून, रात्रभर वजनाखाली. आरे आधी तुंब्यात बसवायचे, मग कड्यावर टेकवायचे. फेविकॉल घट्टच वापरा, पातळ केला तर कार्ड फुगते आणि कडे लंबगोल होते. झटपट चिकटणारा गोंद इथे नको. आरा सरळ करायला सेकंदभरही मिळत नाही आणि लाकडावर पांढरी साय धरते.

पहिल्या चार गाड्यांत चाके उलटी बसली. बशीची खोलगट बाजू बाहेर, गाडीपासून लांब हवी. ती आत गेली होती. फोटोत लगेच दिसत नाही, पण समोरून पाहिले की गाडी फेंगडी वाटते. कण्यातून काढून फिरवली, त्यात दोन तुंबे फुटले.

वाद्यांसाठी तपकिरी शिवणदोरा. मेणावरून एकदा ओढला नाही तर त्याचे तंतू 1:72 ला दोरखंडासारखे दिसतात. गुंडाळून झाल्यावर पातळ फेविकॉलचा थेंब. आजवर 23 पैकी 14 गाड्या पूर्ण.

घोडे. दलाचे कमिशनर जॉर्ज फ्रेंच यांनी डिव्हिजनवार रंग वाटून दिले होते: ए गडद कुमाईत, बी गडद तपकिरी, सी झळझळीत चेस्टनट, डी करडे, ई काळे, एफ फिके कुमाईत. सीचे घोडे तोफा आणि दारूगोळा ओढत, म्हणून आपली तोफ चेस्टनट जोड्यांनाच जुंपली आहे. रंगवताना ए आणि सी यांची गल्लत होते. कुमाईत घोड्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. चेस्टनटचे काहीच काळे नाही, आयाळही अंगाच्याच रंगाची. करड्याची नाकपुडी गुलाबी करू नका, केसांखालची कातडी काळी असते.

ईच्या सहा काळ्या घोड्यांवर मॅट वार्निश पांढरे पडले. कारण पावसाळा: हवा ओली असताना स्प्रे मारला की थर दुधाळ होतो, आणि काळ्यावर ते सगळ्यात जास्त उठून दिसते. त्यावर ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात दिला, काळेपणा परत आला. मॅट आता उघाडीच्या दिवशीच.

स्वारांबद्दल थोडक्यात. स्टेटसन टोपी आणि विजारीची पिवळी पट्टी हे नंतरचे, 1874 मध्ये नको. लाल नॉरफोक जाकीट, तपकिरी पट्टा, पांढरे हेल्मेट किंवा गोल चपटी पिलबॉक्स टोपी, राखाडी ब्रीचेस. कार्बाइन स्नायडर-एनफील्ड, .577, एकेक गोळीची. मॉडेलमध्ये 13 मिमी लांब. विंचेस्टर पुढे 1878 पासून आली, त्यामुळे खाली लिव्हर असलेली बंदूक दिसली तर कापून टाका. कमरेला अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर. पदांची नावेही लक्षात ठेवा: सर्वात खालचा शिपाई म्हणजे सब-कॉन्स्टेबल, रोज 75 सेंट; कॉन्स्टेबल हा सार्जंटच्या तोडीचा, त्याला रोज एक डॉलर.

लाल रंगाचा क्रम: तळाला व्हॅलेहो कंपनीचा 70814, वर 70817, कडांवर 70910 नारिंगी. उजाळ्यासाठी पांढरा मिसळू नका, जाकीट गुलाबी होते. करड्या प्रायमरवर लाल मळकट दिसतो, म्हणून आधी गेरूचा पातळ हात. मऊ प्लास्टिकच्या आकृत्या रंगवण्याआधी साबणाने धुवाच, नाहीतर वाकलेल्या ठिकाणी रंगाची पापडी निघते. डोके बदलायचे असेल तर मानेत 0.5 मिमी तांब्याची तार घाला. या प्लास्टिकला गोंद धरत नाही.

पुढच्या भागात बैल. बाजारातली बैलांची खेळणी दोन कारणांनी तशीच चालणार नाहीत. एक, वशिंड: कॅनडातल्या बैलाला ते नसते, पाठ सपाट घासावी लागेल. दोन, जू: रेड रिव्हरच्या गाडीला दोन दांड्यांमध्ये एकच बैल, गळ्यात कॉलर आणि साज घालून, आपल्या टांग्याच्या घोड्यासारखा. जोडीचे जू कापून 28 बैल वेगळे करून ठेवलेत, पैकी पाच घासून झाले.