आमची वाटचाल : केळीच्या पट्ट्यात फिकट सूर्यफुलं

पिवळा झेंडू जळगावच्या मार्केटला कुणीही आणतो, त्यात आमच्यासारख्या छोट्या माणसाला भाव काय मिळणार. पण लग्नाच्या डेकोरेशनवाल्यांना आता क्रीम, लिंबू, फिकट गुलाबी असे रंग लागतात आणि ते बाहेरून मागवायचे तर भाडंच जास्त. म्हणून मी आणि धाकट्या भावाने यावल तालुक्यातल्या आमच्या केळीच्या एका तुकड्यात फिकट सूर्यफुलं लावायला सुरुवात केली, ठिबकच्या नळ्या होत्याच. गावात एकच प्रश्न, "सूर्यफूल पिवयं ऱ्हास ना भो, हाई काय शे?"

कटिंगसाठी, म्हणजे दांड्यासकट कापून विकायच्या फुलांसाठी, आम्ही प्रोकट सिरीजच्या व्हाइट नाइट आणि प्लम या जाती लावतो. एका झाडाला एकच दांडा, एकच फूल, आणि पराग पडत नाही, म्हणजे टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला डाग नाही, डेकोरेशनवाला खूश. बी सहा-सहा इंचावर टोबायचं, अंतर वाढवलं की फूल ताटाएवढं होतं आणि बुकेत बसत नाही. बी टोबल्यापासून साधारण 50 ते 60 दिवसात माल तयार, म्हणून लग्नाची तारीख कळली की उलटं मोजायचं आणि दर आठवड्याला थोडं थोडं लावत जायचं. हे हायब्रीड आहे, बी दरवेळी विकतच घ्यावं लागतं, सगळ्यात मोठा खर्च तोच.

तोडणी पहाटेच. पाकळ्या मधल्या चकतीवरून नुकत्या उचलायला लागल्या की कापायचं, पूर्ण उमलेपर्यंत थांबलात तर फूलदाणीतले दिवस तुम्ही शेतातच घालवले. वरची एक-दोन सोडून बाकी पानं ओरबाडायची आणि दांडा लगेच बादलीत. फिकट पाकळीवर बोटाचा डागसुद्धा दिसतो, त्यामुळे आमच्याकडच्या बाया फूल वरून धरतच नाहीत, दांड्यालाच हात.

बॉर्डरचं, म्हणजे कडेने जमिनीतच उभ्या ठेवायच्या फुलझाडांच्या ओळींचं काम वेगळं. तिथे इटालियन व्हाइटसारखी फांद्या फुटणारी जात, दीड फुटावर, एकामागून एक फुलं येत राहतात. याचं बी घरी धरता येतं, पण शेजारी कुणी तेलाचं सूर्यफूल लावलं असेल तर मधमाश्या काम करून टाकतात आणि पुढच्या वर्षी क्रीमच्या ओळीत पिवळी झाडं डोकावतात, कारण गडद पिवळा रंग फिकटावर भारी पडतो. बी भरायला लागलं की पोपट येणार ते वेगळंच!

एका लॉन्सवाल्याने तर आमचं बॉर्डरचं बिल अडवलं होतं, म्हणे सगळी फुलं पाहुण्यांकडे पाठ करून उभी आहेत. खरं म्हणजे सूर्यामागे वळते ती कोवळी कळी, पूर्ण उमललेलं फूल बहुतेक पूर्वेला तोंड करून थांबतं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की पूर्वेकडची फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात. लॉन्सवाल्याला हे पटायला वेळ लागला, पैसे मात्र दिले बिचाऱ्याने.

मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा कटिंगचा माल आम्ही घेतच नाही, कुणी कितीही भाव देवो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचं बी मात्र सप्टेंबरअखेर पडायला लागतं, तेव्हा तारीख आधी कळवा, आणि बॉर्डर हवी असेल तर गेटचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेपण सांगा.