बाथचे दोन बोगदे आणि एक सपाट कालवा

माउंटन बाईक घ्यायची आणि डोंगर टाळायचा, असं माझं धोरण आहे. ते गुडघ्यांनी ठरवून दिलंय. जाड टायर आणि पुढचं सस्पेन्शन मात्र मला हवंच, कारण मला आवडणारे रस्ते डांबरी नसतात. खडी, माती, झाडांची मुळं आणि पाऊस पडून गेला की चिखल.

आम्ही इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहतो. या भागात असे सपाट रस्ते मुबलक आहेत, त्याचं कारण साधं आहे. होडीला चढ चढता येत नाही आणि आगगाडीला फारसा चढवत नाही. त्यामुळे आधी कालवेवाल्यांनी आणि मागाहून रेल्वेवाल्यांनी टेकड्या पोखरल्या, भराव घातले, दऱ्यांवर पूल बांधले. पुढे ट्रक-मोटारी आल्या, त्यांचे धंदे बसले आणि ही सगळी सपाटी सायकलवाल्यांना आयती मिळाली.

कोणी पाहुणे आले आणि त्यांना सायकल जेमतेम येत असली, तरी मी एकच चक्कर सुचवते. ब्रिस्टलशेजारच्या बाथ शहरातून निघून दोन बोगद्यांतून मिडफर्ड, तिथून डंडसचा जलसेतू आणि कालव्याच्या कडेने परत बाथ. १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर. रमतगमत, खातपीत गेलं तर अर्धा दिवस. दिशा हीच ठेवा. जो काही चढ आहे तो बहुतेक सुरुवातीला, पाय ताजे असताना उरकतो.

गेल्या उन्हाळ्यात दादा-वहिनी आले होते, त्यांना नेलं. दादा साठी ओलांडलेला. निघताना म्हणाला, "अगं, मला आता स्कूटरवरसुद्धा धाप लागते." पण आम्ही दोघं सायकल शिकलो ती फलटणला, नीरा उजव्या कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर. वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यामुळे कालवा म्हटल्यावर तो येणार, हे मला ठाऊक होतं.

बाथमधून जुन्या सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेच्या मार्गावरून निघायचं. हा भाग डांबरी आहे. इथे ५० फुटांना १ फूट चढ आहे. वाफेच्या इंजिनाला तो जिकिरीचा होता. आपल्याला एक गिअर उतरवला की पुरतो. पहिला डेव्हनशर बोगदा ४०९ मीटरचा, आत शिरेपर्यंत संपतो. खरा तो दुसरा, कूम डाउनचा. १,६७२ मीटर! ब्रिटनमधला सायकलींसाठीचा सगळ्यात लांब बोगदा म्हणून तो मिरवतो. १९६६ मध्ये गाड्या बंद झाल्या, तो कुलूपबंद होऊन पडला आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये सायकलींसाठी उघडला.

आत पाऊल टाकताच गारठा लागतो. उन्हाळ्यातही जॅकेट पाठपिशवीत नाही, अंगात ठेवा. दिवे आहेत, पण मंद; सायकलचा पुढचा-मागचा दिवा लागतोच. भिंतीवर इंजिनांच्या धुराची काजळी अजून आहे. मध्यावर सुरांची आणि दिव्यांची एक रचना बसवली आहे, ती आपल्या येण्याने जागी होते. वहिनीला ते फार आवडलं, ती पुन्हा मागे जाऊन आली. मला मात्र त्या जागी १९२९ ची गोष्ट आठवते. या बोगद्याला वर हवा-धूर जायला एकही झरोका नाही. तेव्हा एक मालगाडी इतकी हळू चढत होती की धुराने आतल्या माणसांची शुद्ध हरपली. गाडी बोगद्यातून बाहेर पडली आणि कोणाचाच ताबा नसताना उतारावरून भरधाव बाथच्या यार्डात जाऊन आदळली. चालक गेला, यार्डातलीही माणसं गेली. म्हणजे ज्या उताराला आपण सोपा म्हणतो, त्याच उताराने हे केलं. दादाला मी ही गोष्ट बोगदा संपल्यावर सांगितली.

मिडफर्डपासून मंक्टन कूमपर्यंत अरुंद गाडीरस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडोऱ्याची कुंपणं, एखादी मोटार आली तर कडेला थांबायचं. इथे एक छोटा पण खट्याळ चढ आहे. उतरून सायकल ढकलली तर कोणी हसत नाही, मी दर वेळी ढकलते. पुढे वाहता हमरस्ता ओलांडावा लागतो; मुलं बरोबर असतील तर तेवढं सांभाळा. पलीकडे गेलं की केनेट अँड एव्हन कालवा.

या कालव्याचा ब्रॅडफर्ड ते बाथचा जवळजवळ ९ मैलांचा तुकडा एकाच पातळीवर आहे. मध्ये एकही झडपेचा टप्पा (लॉक) नाही, म्हणजे होडी वर-खाली न्यायला कुठेही पाणी भरावं-सोडावं लागत नाही. त्यामुळे काठचा रस्ताही तसाच. पूर्वी होडी ओढणारे घोडे या वाटेने चालायचे. जुन्या पुलांखालून जाताना जरा थांबून कमानीच्या कोपऱ्याला बोट लावून बघा. दोर घासून घासून दगडात खाचा पडल्यात, करंगळी आत बसेल एवढ्या, आणि आतून काचेसारख्या गुळगुळीत.

डंडसचा जलसेतू हा या चक्करीचा मुक्काम. १८०५ चा, इंजिनिअर जॉन रेनी. खाली एव्हन नदी आणि रेल्वेचे रूळ, वर कालवा, त्यात होड्या. रेनीला विटा हव्या होत्या. कंपनीने स्थानिक बाथचा दगड वापरायला लावला, कारण तो दगड खपवायचा होता. दिसायला मधाच्या रंगाचा, देखणा. पण थंडीत पाणी मुरून गोठलं की त्याचे पापुद्रे सुटतात. मग डागडुजीला शेवटी विटाच आल्या. त्या देखण्या दगडात निळसर-काळ्या विटांची ठिगळं आजही दिसतात. दादाने कठड्यावर हात फिरवला आणि वडिलांच्या आवाजात म्हणाला, "साइटवरच्या माणसाचं कधी ऐकत नाहीत."

मग डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बदकांची गर्दी. दादाची नजर पाण्यावरून हटेना.

"एवढं पाणी, आणि एक एकर ऊस नाही?"

"नाही."

"टेलपर्यंत, शेवटच्या शेतापर्यंत पोचतं?"

"याला टेल नाही रे. नुसतं भरून ठेवायचं, होड्या चालायला."

हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. गळतं का, म्हणून विचारलं. गळतं की. लिम्प्ली स्टोकच्या बाजूला डोंगर घसरतो, तळ फुटतो. १९५० च्या दशकात तो भाग फुटला आणि पुढे कित्येक वर्षं कोरडा होता, त्यात झाडं उगवली होती. स्वयंसेवकांनी चिकाटीने तो साफ केला, तळाला काँक्रीट घातलं आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते सगळा कालवा पुन्हा खुला झाला.

परतीच्या वाटेवर क्लॅव्हर्टनला जुनं पंपघर आहे. ते चालू असलेल्या दिवशी गेलात तर नशीब. १८१३ पासूनची युक्ती अशी, की नदीच्याच प्रवाहावर पाणचक्की फिरते आणि तीच नदीचं पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवते. वीज नाही, डिझेल नाही. दादाला बाथमधल्या रोमन स्नानगृहापेक्षा हे पंपघर जास्त भावलं, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

आता कालव्याकाठची रीत. ही वाट आधी चालणाऱ्यांची, मग सायकलवाल्यांची. घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, "थँक यू" म्हणायचं. पुलांखाली वळण आंधळं असतं, तिथे उतरलेलं बरं. काठाला राहत्या होड्या लागलेल्या असतात; छपरावर सरपण, कुंड्या, एखादी गंजकी सायकल, धुराड्यातून धूर. त्यांच्या खुंट्या आणि दोर वाटेच्या कडेला असतात, त्यात चाक अडकतं. वेळ नोंदवणाऱ्या घड्याळवाल्या मंडळींनी रविवारी दुपारी इथे येऊच नये. ती माणसं कोपरं पसरून, कुत्र्यांच्या अंगावरून गेल्यासारखी जातात आणि शिव्या मात्र सरसकट सगळ्या सायकलवाल्यांना पडतात.

अजून जोर असेल तर डंडसहून बाथकडे न वळता उलट्या बाजूने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला जा. वाटेत एव्हनक्लिफचा दुसरा जलसेतू लागतो, त्याची मधली कमान चक्क खचलेली दिसते. ब्रॅडफर्डला चौदाव्या शतकातलं धान्याचं प्रचंड कोठार आहे, लाकडी छताखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघावं. परत येताना रेल्वेने बाथ. गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते, तेव्हा गर्दीची वेळ टाळा.

ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथबद्दलही लोक विचारतात. तोही १३ मैल, पूर्ण डांबरी, १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेला. लहान मुलांना उत्तम. मला कंटाळा येतो.

शरद संपता संपता कुंपणं छाटतात, तेव्हा वाटेवर काटे पडतात आणि ते थेट आपल्या बाभळीच्या तोडीचे. पंक्चरचं सामान घ्याच. मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटणार. मे ते सप्टेंबर वाट कोरडी असते, तेव्हा भाड्याची साधी सायकलही चालते.

दादाला पुढच्या खेपेला डिव्हाइझेसला जायचंय. तिथे हाच कालवा २ मैलांत २९ झडपांनी ७२ मीटर चढतो, त्यातल्या १६ केन हिलवर एकाखाली एक सरळ रांगेत. काठाने सायकल जाते. मी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, आपण वरून खाली जायचं.