काच भायखळ्याकडं

छापचित्रांच्या ग्राफिक स्टुडिओत प्रेस चालवणं हे माझं काम. चित्र दुसऱ्याचं, शाई, कागद आणि दाब माझा. त्या दिवशी एका जस्ताच्या प्लेटचा पहिला रंगीत प्रूफ काढायचा होता. चित्रकार बाई मूळच्या आर्किटेक्ट. लोअर परळच्या एका बंद गिरणीचं त्यांनी यंत्रच करून टाकलेलं. करवतीसारख्या छपराचे दाते वळत जाऊन चाकाचे दाते होतात, बिडाचे खांब चात्यांसारखे फिरतात. भिंतींना विटा नाहीत. त्यांच्या जागी सॉफ्ट ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या मऊ मेणकट थरावर, मांजरपाट दाबून त्याचा ताणाबाणा ॲसिडनं प्लेटमध्ये उतरवलेला.

रंग व्हिस्कॉसिटीनं, म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणाचा उपयोग करून, लावायचे होते. छापचित्रकार कृष्णा रेड्डींनी पॅरिसच्या अतेलिए १७ या स्टुडिओत सहकाऱ्यांसोबत घडवलेली ही पद्धत. खोल रेषांत काळी शाई भरून पुसायची. मग जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरनं वरच्या पृष्ठभागावर, आणि त्यावरून घट्ट शाई मऊ रोलरनं. मऊ रोलर खालपर्यंत पोचतो. वरची तेलकट शाई घट्ट शाईला थारा देत नाही. एकाच दाबात तीन रंग. तेलाचं प्रमाण चुकलं की मात्र नुसता चिखल.

प्रूफ झकास आला. तेवढ्यात फ्रेमवाल्याकडचे काका जुनी चित्रं न्यायला आले. १९८२ च्या संपापर्यंत ते याच गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. बराच वेळ वाकून बघत राहिले.

‘‘गेटातून आत बघितलं की दादर उजव्या हाताला. छपराची काच दादरकडंच होती. तुम्ही भायखळ्याकडं केलीत. दिवसभर ऊन साच्यावर येईल की!’’

बाईंनी कपाळाला हात लावला. दादर उत्तरेला, भायखळा दक्षिणेला; अशा छपराची काच उत्तरेला ठेवतात ती ऊन टाळून सारखा उजेड मिळावा म्हणूनच. त्यांनी प्लेटवर रेखाटन सरळच उतरवलं होतं, छापताना ते उलटलं.

शाई अजून ओली होती. मी प्रूफवर दुसरा भिजवलेला कागद ठेवला, वर फेल्टचं जाड लोकरी कापड टाकलं आणि दोन्ही एकत्रच प्रेसमधून काढले. छापावरून छाप, त्यामुळं गिरणी पुन्हा सरळ. रंग मात्र निम्मे उतरलेले, काळा तर करडाच.

बाईंना तोच आवडला. आता त्यांना सगळी आवृत्ती अशीच हवी आहे. म्हणजे प्रत्येक प्रतीसाठी कागद दुप्पट, प्रेसच्या फेऱ्या दुप्पट. दर ठरवायला त्या सोमवारी येताहेत.